हजारावर थांब: पंधरा इंची वूफरला अनावृत पत्र

प्रिय पंधरा इंची वूफरा,



ज्या फ्रिक्वेन्सीला तू थांबतोस आणि तुझ्या डोक्यावरचा हॉर्न बोलायला लागतो, त्या एका आकड्यासाठी हे पत्र आहे. स्वस्तातल्या टू-वे डब्यांत हा क्रॉसओव्हर दोन हजार हर्ट्‌झच्या आसपास, कधी अडीच हजारांपर्यंत असतो. तू हजारावर थांबावंस, असं माझं मागणं आहे. निदान माणसं ऐकायला बसलेली असतात तिथे तरी.

आमच्या नाशिकची ऐकण्याची ठिकाणं रुंद आहेत. मे महिन्यात गोदाघाटावर यशवंतराव महाराज पटांगणात वसंत व्याख्यानमाला होते, दिवाळीत पिंपळपाराशी पाडवा पहाट होते. अशा उघड्या जागी लोक व्यासपीठासमोर सरळ ओळीत बसत नाहीत. कुणी कडेला भिंतीला टेकतं, कुणी पायरीवर, कुणी येता-जाता उभं राहून ऐकतं. तुझ्या आकड्याचा फटका नेमका या कडेच्या माणसाला बसतो.

चौकट आणि कडेची लवचीक पट्टी वजा केली, की तुझा हलणारा कोन साधारण ३३ सेंटिमीटरचा उरतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. म्हणजे १०० हर्ट्‌झची लाट जवळपास साडेतीन मीटर लांब. तिच्यापुढे तू लहान, म्हणून ती चहूकडे पसरते, डब्याच्या मागेही. हजार हर्ट्‌झला लाट साधारण तुझ्या कोनाएवढी होते आणि तिथून पुढे तुझा आवाज झपाट्याने समोरच्या समोर आवळत जातो. कडेला सहा डेसिबलची घट चालवून घेतली, तर हजाराला तू सुमारे ९० अंशांत पोचतोस, दोन हजारांना चाळीस-पंचेचाळीस अंशांत, अडीच हजारांना जेमतेम पस्तीस. हॉर्न मात्र बहुधा ९० अंशांचा असतो. त्यामुळे तू अडीच हजारांपर्यंत रेटत राहिलास, तर बाजूच्या माणसाला हजाराखालचं ऐकू येतं, अडीच हजारांवरचंही ऐकू येतं आणि मधला पट्टा खचलेला असतो. इक्वलायझरने तो भरता येत नाही. मधलं उचललं, की समोरच्या रांगांच्या कानांत ते टोचायला लागतं.

आणि मराठी बोलण्यातलं बरंच काही याच पट्ट्यात असतं. ‘शीर’ आणि ‘शूर’ म्हणून पाहा. ई आणि ऊ यांचा पहिला अनुनाद जवळजवळ एकच, ३०० हर्ट्‌झच्या आसपास. त्यांना वेगळं करतो तो दुसरा अनुनाद: ईचा दोन हजारांच्या वर, ऊचा हजाराच्या खाली. आ आणि ए यांचेही दुसरे अनुनाद हजार ते सव्वादोन हजारांच्या मध्येच येतात. हा पट्टा खचला, की आवाज येतो पण शब्द लागत नाही. कडेला बसलेले आजोबा मग आपल्या कानांना दोष देतात. वयाबरोबर वरच्या फ्रिक्वेन्सी आधी जातात, म्हणून त्यांची भिस्त याच पट्ट्यावर जास्त असते, आणि तोच तू त्यांच्यापासून काढून घेतोस. मला सर्वात जास्त लागतं ते हे.

गाण्याचंही तेच. गायिकेची पट्टी काळी चार असेल तर षड्ज साधारण २०८ हर्ट्‌झचा, तार षड्ज ४१५ चा. मूळ सूर सगळे तुझ्याकडे. पण तिचा आवाज तिचाच वाटतो तो वरच्या स्वयंभू स्वरांमुळे, आणि षड्जाच्या पाचव्या पटीपासून ते हजाराच्या वर जातात.

जाणत्यांनी तुला फार पूर्वीच वेळेवर थांबवलं होतं. १९४०च्या दशकात अल्टेक लान्सिंगने चित्रपटगृहांसाठी ‘व्हॉइस ऑफ द थिएटर’ मालिका काढली. तिच्यातल्या ए-७ मध्ये तुझ्याच मापाचा वूफर होता. मोठा हॉर्न लावला तर तो ५०० ला थांबायचा, लहान लावला तर ८०० ला. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जेबीएलच्या ४४३० या स्टुडिओ मॉनिटरने हजार हा आकडा घेतला, कारण तिथे वूफरचा आणि हॉर्नचा पसारा जुळतो.

मग सगळे तसं का करत नाहीत? पैशामुळे. फ्रिक्वेन्सी निम्मी केली, की तेवढ्याच आवाजासाठी हॉर्नमागच्या ड्रायव्हरच्या डायफ्रामला किमान दुप्पट हलावं लागतं. एक इंची घशाचा साधा ड्रायव्हर हजारावर आणला, तर हळदीच्या एका रात्रीत जळेल. तिथे १.४ किंवा दोन इंची ड्रायव्हर हवा आणि तो महाग. हॉर्नही रुंद हवा: डॉन कील यांच्या १९७५च्या सूत्राने हजार हर्ट्‌झला ९० अंश धरायचे, तर त्याचं तोंड किमान अकरा इंच लागतं.

घाटाच्या पायऱ्यांमुळे अजून एक गोष्ट येते. तुझ्या आणि हॉर्नच्या मध्यबिंदूंत दीडेक फुटाचं अंतर असतं. क्रॉसओव्हरपाशी तुम्ही दोघं एकदम बोलता आणि वर-खाली काही कोनांत एकमेकांना खोडून काढता. हजाराला हा कोन मध्यरेषेपासून बावीसेक अंशांवर असतो, दोन हजारांना अकराच अंशांवर. वरच्या पायरीवरचा माणूस त्यात सहज सापडतो.

शब्द लागला नाही, की कुणीतरी म्हणतं, “आवाज वाढवा.” वाढतं सगळंच, पण डब्यामागे पसरतं ते मुख्यतः तुझं खालचं, आणि ते मागच्या वाड्यांत शिरतं. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्री दहानंतर लाउडस्पीकरला बंदी आहे. आणि ही मर्यादा आपण न समजणाऱ्या आवाजावर खर्च करतो. बेस हवाच म्हणणाऱ्यांना मी सांगेन, की नाशिक ढोल तुझ्यावाचून दणाणतो.

माझी विनंती तुझ्या मालकांनाही आहे. डब्यावर वॅट ठळक लिहिता, तसा क्रॉसओव्हरचा आकडा आणि हॉर्नचा कोनही लिहा. दोन इंची ड्रायव्हर परवडत नसेल तर व्याख्यानाला बारा इंची डबा आणा. तो तेराशेपर्यंत ९० अंश सांभाळतो. क्रॉसओव्हरचा उतार दर सप्तकाला २४ डेसिबलचा ठेवा. आणि २०२७च्या सिंहस्थासाठी नवे डबे घेणार असाल, तर दुकानात समोर उभं राहून गाणं लावू नका. कुणालातरी माईकवर वर्तमानपत्र वाचायला सांगा, ४५ अंश बाजूला जाऊन उभे राहा, आणि तिथे शब्द लागला तरच इसार द्या.

कळावे,

तुझा,
कडेला बसणारा एक नाशिककर