घर निघाले उताराला

मुंबईहून पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबली की प्रवाशांचे दोन तट पडतात. निम्मे लोक दिवाडकरांच्या बटाटेवड्यासाठी फलाटावर धावतात, आणि उरलेले निम्मे गाडी अजून सुटत कशी नाही म्हणून मनगटावरच्या घड्याळाकडे रागाने पाहतात. गाडीच्या शेपटाशी त्या वेळी काय चाललेले असते, ते फार थोड्यांच्या ध्यानात येते. तिथे मागून ढकलणारी इंजिने जोडली जात असतात. कर्जत सोडले की बोरघाट लागतो आणि तिथे ३७ फुटांमागे एक फूट असा चढ आहे. पुढच्या इंजिनाने ओढावे आणि मागच्यांनी रेटावे, तेव्हा कुठे गाडी खंडाळ्याचा वारा खाते.

या घाटाचे कौतुक मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. १८५६ पासून सात वर्षे रूळ खोपोलीला येऊन संपत. पुढचा घाट प्रवाशांनी पालखीतून, तट्टावर किंवा आपापल्या पायांनी चढावा, अशी सोय (किंवा गैरसोय) होती. १८६३ साली घाटातून गाडी धावली. मात्र ज्याने ते कंत्राट घेतले होते, तो सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्येच वारला होता. त्याची विधवा ॲलिस हिने ते काम पुरे करवून घेतले. थोडक्यात काय, आमच्या भागात अवजड कामे अडली की शेवटी बाईमाणसालाच पदर खोचावा लागतो. याचा दुसरा दाखला मला २०२४ च्या मे महिन्यात माझ्या आजोळी पाहायला मिळाला. त्याचीच ही हकिगत.

माझे आजोळ कर्जत-खोपोली फाट्यावरच्या केळवली स्टेशनापासून तासाभराच्या वाटेवर आहे. डोंगराच्या अगदी कुशीत घर, घराखाली उतरत गेलेली खाचरे आणि सगळ्यांत शेवटी रस्ता. पूर्वजांनी घर इतके वर का बांधले, असे मी एकदा मामांना विचारले होते. मामा म्हणाले, "सपाट जागा भाताची, उताराची जागा माणसाची. माणूस उतारावर झोपू शकतो. भात उभा राहील का?" कर्जतच्या संशोधन केंद्राने भाताच्या ज्या जाती काढल्या, त्यांपैकी 'कर्जत-३' मामांच्या खाचरांत डोलताना मी पाहिली आहे. इंचभर सपाट जमीनसुद्धा या माणसाने कधी घरासाठी मोडली नसती.

पण १९ जुलै २०२३ ची रात्र आली. आमच्याच खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पोटाशी वसलेल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीला गाडीरस्ता नव्हता. पायथ्यापासून वर जायचे तर चिखलातून तास-दीड तासाची चढण. पावसाने हेलिकॉप्टर उडेना, आणि माती उपसणारी यंत्रे पायथ्यालाच उभी राहिली. जवानांनी, गिर्यारोहकांनी, गावच्या पोरांनी कुदळ-फावड्यांनी आणि हातांनी माती उकरली. सत्तावीस देह मिळाले. सत्तावन्न माणसे मिळालीच नाहीत, आणि २३ जुलैला शोध थांबवावा लागला. माझा मामेभाऊ ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पाण्याचे डबे आणि ताडपत्र्या घालून पायथ्यापर्यंत गेला होता. तिथून पुढे त्याने ती ताडपत्री डोक्यावरून नेली. परत आल्यावर तो दोन दिवस कुणाशी बोलला नाही.

मामी मात्र तिसऱ्या दिवशी बोलली. घरामागच्या डोंगराकडे पाहत ती एवढेच म्हणाली, "तिथं चाक जात नव्हतं. आपल्या दारात चाक येतं. येतंय तोवर निघू या."

मामा वर्षभर 'हो' म्हणाले नाहीत आणि 'नाही'ही म्हणाले नाहीत. शेवटी रस्त्याकडेचे एक खाचर मोडायचे ठरले, तेव्हा ते त्या दिवशी जेवले नाहीत, एवढेच मला कळले. नवे घर बांधायचे, पण सामान जुन्याचेच वापरायचे, हा त्यांचा हट्ट. मंगलोरी कौले, सागाच्या तुळया, दारे-चौकटी, जोत्याचे घडीव दगड आणि तुळशीवृंदावन, सगळे खाली न्यायचे. कॉलेजला सुट्टी लागली होती. "मास्तर, मदतीला या," असा निरोप आला आणि मी आनंदाने गेलो. आपल्या हातून कसली मदत होणार आहे, याचा विचार करण्याची मला सवय नाही.

आमच्याकडे ट्रॅक्टरच्या मागे जोडतात त्या गाडीला ट्रॉली म्हणतात. दोन चाकांची, पुढे एक लोखंडी दांडा. तो दांडा ट्रॅक्टरच्या हुकात बसवून वरून पिन सोडली की झाली सोयरीक. मला वाटत होते, ओझे खाली न्यायचे आहे, म्हणजे निम्मे काम पृथ्वीच करणार! मामांनी मला बाजूला बसवून हिशेब घातला. एक कौल अदमासे अडीच किलोचे. दीड हजार कौले म्हणजे पावणेचार टन. ट्रॉली स्वतः दीड टनाची. म्हणजे मागे सव्वापाच टन, आणि पुढे ट्रॅक्टर दोन टनांचा. "आता सांगा मास्तर, चढावर कोण कुणाला ओढतो?" मी म्हणालो, "ट्रॅक्टर ट्रॉलीला." "आणि उतारावर?" मी गप्प बसलो. शेतावरच्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो, हे त्यानंतर त्यांनी सांगितले.

म्हणून उताराचे काही नियम आहेत. गिअर उतार लागण्याआधीच बारीक टाकायचा, मधे बदलायचा नाही. ट्रॅक्टरला ब्रेकचे दोन पायटे असतात, एक डाव्या चाकाचा आणि एक उजव्याचा. शेतात वळताना ते वेगळे ठेवतात, पण ओझे नेताना दोन्ही एकत्र अडकवायचे, नाहीतर एकच चाक धरते आणि सगळे वऱ्हाड फिरते. आणि कितीही भीती वाटली तरी क्लच दाबायचा नाही. बारीक गिअरमधले इंजिन हाच खरा लगाम. क्लच दाबला की लगाम सुटला.

पहिल्या दिवशी कौलांच्या तीन खेपा सुखरूप उतरल्या. खाली आंब्याचे झाड आणि विहीर यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत ट्रॉली मागे घ्यायची होती. हा एक स्वतंत्र विनोद आहे. ट्रॉलीला डावीकडे न्यायचे तर चाक उजवीकडे फिरवावे लागते. वीस वर्षे विद्यार्थी शिकवलेल्या माणसाला यात नवल वाटायचे कारण नव्हते. तरी मी उत्साहाने ट्रॉलीच्या मागे उभा राहून दोन्ही हातांनी "येऊ द्या, येऊ द्या" असे चालवले होते. एवढ्यात मामांनी माझा दंड धरून मला खसकन बाजूला ओढले. "हाकणाऱ्याला तुम्ही दिसत नाही. मागे उभं राहायचं नाही, आणि ट्रॅक्टर नि ट्रॉलीच्या मधे तर मुळीच नाही!" सत्तरीच्या माणसाच्या पंजाचे वळ माझ्या दंडावर संध्याकाळपर्यंत होते.

दुसऱ्या दिवशी तुळयांची पाळी आली. अठरा-अठरा फुटांच्या तुळया. ट्रॉली लहान पडली, म्हणून मामेभावाने त्या मागच्या बाजूला हात-हात बाहेर काढून रचल्या. मामा नव्या जागेवर चौकटी मोजत होते. आभाळ भरून आले होते, वळवाचा पाऊस पडण्याआधी एक खेप व्हावी, ही पोराची घाई.

उताराच्या मध्यावर एक खोलगट जागा आहे. तिथे ट्रॉलीचे शेपूट खाली गेले आणि दांडा वर उचलला गेला. त्या दांड्याने ट्रॅक्टरची मागची बाजूच हलकी केली. जी चाके ओझे धरून ठेवायची, तीच जमिनीवर नीट टेकेनात. ट्रॅक्टर घसरू लागला. पोराने घाबरून क्लच दाबला, आणि आमचे अर्धे घर मोकाट सुटले!

हे सगळे मी तीस पावलांवरून पाहत होतो. माझ्या हातात एक दिवा लावायचा कोनाडा होता. तो मी घट्ट धरून ठेवला, याहून अधिक काहीही मला सुचले नाही. खालून मामांची आरोळी आली, "उलाळ झाली रे! गाडी उलाळ झाली! पाय काढ! क्लचवरनं पाय काढ!"

पोराने पाय काढला. इंजिन घोगऱ्या आवाजात ओरडले, ट्रॉली आडवी झाली आणि तिचे एक चाक बांधात रुतून सगळे थांबले. कुणाला काही झाले नाही. मामेभाऊ खाली उतरला आणि बांधावर बसला. त्याचे हात थरथरत होते. थोड्या वेळाने तो मला हळूच म्हणाला, "उलाळ म्हणजे काय रे दादा?"

आता 'उलाळ' हा शब्द मला चांगला ठाऊक होता. मोल्सवर्थच्या कोशात मी तो पाहिला होता. बैलगाडीत ओझे मागे जास्त झाले आणि पुढची बाजू वर उचलली गेली की गाडी 'उलाळ' होते. ओझे पुढे जास्त झाले आणि बैलांच्या मानेवर आले की ती 'धुरजड' होते. वर्गात हे दोन्ही शब्द मी फळ्यावर लिहून दिले आहेत. पण सकाळी तुळया रचताना मी तिथेच उभा होतो, आणि गाडी उलाळ होते आहे हे मला दिसले नव्हते. शब्द मला ठाऊक होता, वस्तू कळली नव्हती. मामेभाऊ वस्तूवर बसला होता, शब्द त्याला ठाऊक नव्हता. बैल विकून किती वर्षे झाली! बैलांबरोबर शब्द गेला, आणि शब्दाबरोबर त्यातली सावधगिरीही गेली. माझ्यासारख्यांनी ती कोशात जपून ठेवली होती, जिथे ती कुणाच्याच कामी येत नव्हती.

मामा वर आले. ते पोराला रागावले नाहीत. दगडांची उटी करून त्यांनी आधी चाके पक्की केली, मग तुळया उतरवून घेतल्या. जोत्याचे दगड त्यांनी ट्रॉलीच्या तोंडाशी ठेवले आणि निम्म्याच तुळया वर चढवल्या. "थोडी धुरजड असावी," ते म्हणाले. "दांड्यानं ट्रॅक्टरला जरा दाबलं की चाकं जमीन धरतात. पण फार दाबलं तर पुढची चाकं उचलतात, मग वळवणार कशानं? बैलाच्या मानेला विचारून ओझं ठेवायचं. आता मान लोखंडाची आहे, एवढंच." मग एक फणसाचे खोड साखळीने ट्रॉलीच्या मागे बांधायला त्यांनी सांगितले. पूर्वी घाट उतरताना बैलगाड्यांना असे खोड बांधून फरपटत नेत, म्हणजे गाडी बैलांच्या अंगावर जात नसे. आदल्या दिवशी पोराने या युक्तीची थट्टा केली असती. त्या दिवशी साखळीची गाठ त्याने स्वतः दोनदा तपासली.

शेवटची खेप तुळशीवृंदावनाची होती. मामी ट्रॉलीच्या पुढे चालत होती, मामा बाजूने, आणि मागे ते खोड मातीत रेघ ओढीत येत होते. वरच्या जागेवर नुसते मोकळे जोते राहिले. मामांनी एकदाच मागे वळून पाहिले.

मृगाच्या आधी कौले चढली. त्या पावसाळ्यात डोंगर काही खाली आला नाही. कदाचित पुढची पन्नास वर्षे येणारही नाही. इर्शाळवाडीची उरलेली माणसे, सिडको पक्की घरे बांधीपर्यंत, लोखंडी कंटेनरांत राहिली. ती घरे मोठ्या गाड्यांवरून आयती आली, कारण आता ती माणसे चाक पोचते अशा जागी आली होती. मामीचे म्हणणे मला तेव्हा पुरते कळले.

गेल्या दिवाळीत मी नव्या घरी गेलो होतो. तीच दारे, त्याच तुळया, तेच वृंदावन. फरक एकच आहे. जुन्या घराची पाठ डोंगराला होती, नव्या घराचे दार डोंगराकडे आहे. मी मामांना म्हटले, "मामा, डोंगराला पाठ द्यायची तर तुम्ही त्याला समोर घेतलात!"

मामा पणतीत तेल घालीत होते. म्हणाले, "इतकी वर्षं तो आपल्याकडे बघत होता. आता आपण बघू." आणि एक पणती मला देऊन त्यांनी ती वर, जुन्या जोत्यावर ठेवून यायला सांगितले.