सातपूर ते अंजनेरी : दहा डॉलरांच्या नकाशाची गोष्ट

गेल्या जून महिन्यात आमची नात न्यू जर्सीहून सुट्टीसाठी सातपूरला आली, तेव्हा तिच्या बॅगेतून दोन वस्तू निघाल्या. एक, घड्या घालून घालून मऊ झालेला कागदी नकाशा. आणि दुसरी, प्लास्टिकचे एक रंगीत अंडे. ते पाहताच माझ्या मातोश्रींच्या हातातील माळ थांबली. "हे काय घरात आणलेस बाई?" एवढेच त्या म्हणाल्या. अंड्याच्या आत केवळ हवा आहे, हे अंडे उघडून दाखविल्यावर माळ पुन्हा सुरू झाली. परंतु ते देवघराच्या खोलीत न्यायचे नाही, हा निर्णय कायम राहिला.

या अंड्याचा इतिहास असा. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात ऑर्लँडोजवळ डिस्ने कंपनीचे एपकॉट नावाचे उद्यान आहे. ते १९८२ साली सुरू झाले. त्याच्या एका भागात तळ्याभोवती मेक्सिको, नॉर्वे, चीन, जपान, मोरोक्को, फ्रान्स अशी अकरा देशांची दालने उभारली आहेत. वसंत ऋतूत तेथे फुलांचा महोत्सव भरतो, त्या वेळी या दालनांतून निरनिराळ्या पात्रांच्या रूपातील रंगीत अंडी लपवून ठेवतात. उद्यानातील दुकानात सुमारे दहा डॉलर देऊन एक नकाशा विकत घ्यायचा, त्याबरोबर चिकटपट्ट्या मिळतात. ज्या देशात जे अंडे दिसेल त्याची पट्टी त्या देशाच्या चौकोनात चिकटवायची, आणि शेवटी नकाशा दाखवून एक बक्षीस घ्यायचे. शरद ऋतूतील खाद्यमहोत्सवात अंड्यांच्या जागी रेमी हा स्वयंपाकी उंदीर लपतो, खेळ तोच.

मी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत नट-बोल्ट आणि हत्यारे विकणारा माणूस. माझ्या मनाने लगेच हिशेब मांडला. कागद, छपाई, चिकटपट्ट्या आणि प्लास्टिकचे खेळणे यांची एकत्रित खरेदी किती असेल, आणि विक्री दहा डॉलर! आमच्या धंद्यात पैशांवर भांडणारे ग्राहक हा भाव ऐकून दुकानाची पायरी उतरतील. शिवाय आत येण्यासाठी प्रत्येकाने शंभराहून अधिक डॉलरांचे तिकीट आधीच काढलेले असते. म्हणजे आत घेऊन पुन्हा पैसे मागणे झाले. जावईबापूंना मी तसे बोलून दाखविले. ते हसून म्हणाले, "बाबा, त्या दिवशी सर्वांत स्वस्त तेच होते. बाकी सगळे दहा मिनिटांत संपायचे. हे चार तास पुरले."

हा जमाखर्च मला मान्य करावा लागला. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट मुलीने सांगितली. मोरोक्कोच्या दालनाविषयी विचारल्यावर ती भिंतीवरील फरशांच्या तुकड्यांचे रंग आणि आकार हाताने हवेत काढून दाखवू लागली. ते दालन सजविण्यासाठी मोरोक्कोचे राजे दुसरे हसन यांनी आपल्या देशातून कारागीर पाठविले होते, हे तिला ठाऊक नव्हते. तिने केवळ अंडे शोधण्यासाठी त्या भिंतीचा वीत न् वीत धुंडाळला होता, आणि त्या शोधात भिंत डोळ्यांत उतरली. तिचा मोठा भाऊ, ज्याने नकाशा घेतला नाही, त्याला मोरोक्कोत फक्त सावली आठवते. दहा डॉलर कशाचे होते, याचे उत्तर माझ्यापुरते येथे मिळाले. ते बक्षिसाचे नव्हते. डोळे थांबविण्याचे होते.

मात्र या व्यवहारात एक कलम असे आहे की जे मला व्यापारी म्हणून पटते आणि आजोबा म्हणून पटत नाही. नकाशा पूर्ण भरला असो वा नसो, बक्षीस मिळते. यामागचे कारण समजण्याजोगे आहे. पायपीट करून थकलेले मूल काउंटरवर रडू लागले तर त्याच्या आईवडिलांचा दिवस नासतो आणि मागची रांग खोळंबते. पैसे तर आधीच गल्ल्यात पडलेले आहेत. आमच्या नातीला एक अंडे काही केल्या सापडले नाही. संध्याकाळ होऊ लागली तेव्हा आई म्हणाली, "चल, तसेही बक्षीस देतात." तिने ते घेतले. पण येथे आल्यावर दुसऱ्याच दिवशी ते अंडे तिने शेजारच्या लहान मुलाला देऊन टाकले, आणि एक चौकोन रिकामा असलेला तो नकाशा मात्र जपून ठेवला. "तसेही मिळणारच होते तर मी शोधत का होते, नाना?" असे तिने मला विचारले. मला चटकन उत्तर सुचले नाही.

असे सशुल्क संग्रहखेळ आता अनेक ठिकाणी आहेत, आणि सर्व एका मोलाचे नाहीत. जपानमधील ओसाका येथील युनिव्हर्सल स्टुडिओच्या उद्यानात २०२१ साली मारिओच्या खेळावर आधारलेला विभाग सुरू झाला. तेथे मनगटावर बांधायचा पट्टा वेगळा विकत घ्यावा लागतो. सुरुवातीला त्याची किंमत ३,२०० येन होती. भिंतीवरील ठोकळ्यावर हात मारला की पट्ट्यामुळे नाणे जमा होते, पण जमा होते ते मोबाइलमध्ये. पट्टा नसेल तर त्या विभागात हिंडता येते, मात्र ठोकळा नुसताच ठोकायचा. आणि किल्ल्या जमवून ज्या शेवटच्या लढाईत उतरायचे, तिचे दार उघडत नाही. मला हा प्रकार कमी रुचतो. नकाशा न घेणाऱ्याला मोरोक्कोची भिंत बंद नव्हती. येथे खेळाचा गाभाच पट्ट्यामागे ठेवला आहे. त्याच जपानमध्ये रेल्वे स्थानकांवर शाईचे शिक्के ठेवण्याची प्रथा १९३१ साली फुकुई स्थानकापासून सुरू झाली, आणि आजही प्रवासी आपापल्या वह्यांत ते शिक्के विनामूल्य उमटवून घेतात. प्रवास तिकिटाचा, शिक्का कौतुकाचा.

आपल्याकडची मुले गोराईचे एस्सेल वर्ल्ड आणि नंतर खोपोलीजवळचे इमॅजिका पाहून मोठी झाली. त्यांना पाळणे आणि पाणी ठाऊक आहे, शोधाचा खेळ फारसा नाही. पण वस्तू जमविण्याच्या हौसेला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्या घरांना तरी नाही. माझ्या वडिलांनी परिग्रह-परिमाणाचे व्रत घेतले होते. धोतरे किती, भांडी किती, सारे मोजलेले. तरी त्यांच्या पेटीत जुन्या वजनांचा आणि पितळी शिक्क्यांचा एक कप्पा होता, आणि तो मोजणीत कसा बसविला होता हे आम्हाला कधी कळले नाही.

त्या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही म्हणून मी दुकानातील बिलबुकाच्या एका कोऱ्या पानावर आठ चौकोन आखले आणि नातीला म्हटले, "उद्या सकाळी अंजनेरीला जाऊ. फी नाही आणि बक्षीसही नाही." तिने क्षणभर विचार केला आणि कागद घेतला.

सातपूरहून त्र्यंबक रस्त्याला लागले की पपया नर्सरीनंतर कारखाने मागे पडतात. बेळगाव ढगा, महिरावणी ओलांडता ओलांडता उजव्या-डाव्या हाताला डोंगर जवळ येऊ लागतात. हनुमंताचे जन्मस्थान म्हणून अंजनेरीचा डोंगर सर्वांना ठाऊक आहे. आपल्या समाजातील फार थोडी माणसे मात्र त्याच्या पायथ्याशी गाडी थांबवितात. तेथे यादवांच्या काळातील मंदिरांचे भग्न अवशेष विखुरलेले आहेत, आणि त्यांतील बरीचशी जैन मंदिरे आहेत.

पहिला थांबा नाण्यांचा होता. अंजनेरीजवळ नाणकशास्त्राच्या संशोधनाला वाहिलेली संस्था १९८० साली डॉ. परमेश्वरीलाल गुप्त आणि के. के. माहेश्वरी यांच्या प्रयत्नांतून उभी राहिली. तिचे नाणे संग्रहालय आहे. येथे मी नातीला जोगलटेंभीची गोष्ट सांगितली. सिन्नर तालुक्यातील या गावी १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी तेरा हजारांहून अधिक, सारी क्षत्रप राजा नहपानाची. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाला हरविल्यानंतर आपला छाप मारला होता. जुना चेहरा न पुसता त्यावरच नवा शिक्का. "म्हणजे स्टिकरवर स्टिकर!" असे ती म्हणाली. मी व्यापाऱ्याच्या भाषेत सांगितले की राजा बदलला तरी चांदी तीच होती, म्हणून वितळविण्याचा खर्च वाचविला. कोणता खुलासा अधिक बरोबर, हे सांगणे कठीण आहे.

अवशेषांपाशी पोहोचलो तेव्हा झिमझिम सुरू झाली होती. नव्या पावसाने सगळीकडे हिरवे कोंब उगवलेले. मातोश्रींनी निघताना बजावले होते की हिरव्यावर पाय द्यायचा नाही. त्यामुळे आमचा शोध दगडावरून दगडावर उड्या मारीत चालला, आणि वेळ दुप्पट लागला. कागदावर लिहिले होते : उंबऱ्यावरचे कीर्तिमुख, दारावरच्या पट्टीच्या मध्यभागी बसलेली जिनमूर्ती, चुना न वापरता बसविलेले दोन दगड, कोठे लांछन दिसते का ते. लांछनांची यादी तिला घरी पाठ करविली होती. वृषभ, हत्ती, घोडा, वानर येथपर्यंत ती न अडखळता जाई. झिजलेल्या दगडावर बोट फिरवून ती विचारी, "हा हत्ती की वराह?" आणि मलाही वाकून पाहावे लागे. चाळीस वर्षे याच रस्त्यावरून ये-जा करणारा मी, त्या दारांच्या पट्ट्या इतक्या जवळून प्रथमच पाहात होतो.

आठवा चौकोन सर्वांत कठीण ठेवला होता. येथील एका जैन मंदिरात शके १०६३ चा, म्हणजे बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील, संस्कृत शिलालेख असल्याची नोंद नाशिक जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. यादव राजा सेऊणदेवाच्या वाणी मंत्र्याने काही दुकानांचे उत्पन्न मंदिराला दिले, असा त्याचा आशय. दुकानांचे उत्पन्न! आज जेथे गुरे चरतात तेथे एके काळी पेठ होती, गिऱ्हाईक होते, आणि कोणी वाणी संध्याकाळी गल्ला मोजून त्यातील एक वाटा देवाचा म्हणून बाजूला काढीत होता. हे नातीला सांगितल्यावर तिने विचारले, "आपल्या दुकानासारखे दुकान?" नट-बोल्टचे नसेल, एवढे मी निश्चयाने सांगितले.

आम्ही तो लेख दीड तास शोधला. तीन ठिकाणी अक्षरे आहेत असे वाटले; एका जागी ती छिन्नीचे घाव निघाली, दुसऱ्या जागी शेवाळ, तिसरीकडे कोणा हौशी माणसाचे अलीकडचे नाव. पाऊस वाढला. सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचून जेवायचे होते, तेव्हा नाइलाजाने परत फिरलो. गाडीत ती गप्प होती.

रात्री मातोश्रींनी कागद हातात घेऊन पाहिला. सात चौकोनांत नातीने पेन्सिलीने चंद्रकोरी काढल्या होत्या, आठवा कोरा. कपाटातून टिकल्यांचे पाकीट काढून त्या म्हणाल्या, "एवढी पायपीट केलीस, लाव येथेही एक." नातीने मान हलविली. "नाही पणजी, तो सापडला नाही." आणि तो कागद तिने अमेरिकेच्या नकाशासोबत त्याच प्लास्टिकच्या पिशवीत घातला.

ती जुलैच्या अखेरीस परत गेली. फोनवर अधूनमधून विचारते. दिवाळीनंतर गवत वाळले की मी पुन्हा अंजनेरीला जाऊन येणार आहे. या खेपेस गॅझेटियरचे ते पान आणि एक चांगला टॉर्च बरोबर नेईन.