रंग बाहेर का सांडतो?

टर्बो सी मधे ग्राफिक्स शिकलेल्यांना हे आठवत असेल. वर्तुळ पांढरं, आत लाल भरायचाय. सेटफिलस्टाइलमधे लाल सांगून झालाय. मग फ्लडफिलला मधला बिंदू द्यायचा, आणि तिसऱ्या जागी पोरं पुन्हा लालच लिहितात. वाटतंच तसं, की इथे भरायचा रंग द्यायचा असेल. रन केलं की ६४० बाय ४८० चा अख्खा स्क्रीन लालभडक!

लॅबमधे यावर ठरलेलं उत्तर मिळतं : "तिथे बॉर्डरचा रंग दे रे." दिला, चाललं, जर्नलवर सही. विषय संपला. मला मात्र वाटतं की तो तिथे सुरू व्हायला हवा.

वर्तुळ आपल्याला दिसतं, मशीनला नाही. सर्कल फंक्शन काही पिक्सेल पांढरे करून मोकळं झालं, केंद्र आणि त्रिज्या कुठेच शिल्लक नाहीत. फ्लडफिल बिचारं शेजारच्या पिक्सेलला विचारतं, तू सीमेवरचा का? नाही म्हटलं की त्याला रंगवायचं आणि त्याच्या शेजाऱ्यांकडे जायचं. गावात अफवा पसरते तसं. लाल सीमा शोधायला सांगितली तर पांढरी रेघ त्याच्या लेखी सीमा नाहीच. आणि एका पिक्सेलची फट असली तरी रंग बाहेर! (पेंटमधली बादली ओतून बघा.)

शेजारी किती धरायचे, चार की आठ? तिरकी रेघ झूम करून बघा. तिचे पिक्सेल नुसते कोपऱ्याला कोपरा लावून उभे असतात. आठ शेजारी धरले तर रंग त्या कोपऱ्यातून तिरका निसटतो, चार धरले तर अडतो.

पुस्तकातला रिकर्शनवाला कोड तर अजून मजेशीर. टर्बो सी चा डीफॉल्ट स्टॅक ४०९६ बाइटचा. चार इंट, परतीचा पत्ता वगैरे धरून एका कॉलला साधारण १२ बाइट, म्हणजे जेमतेम ३४० कॉल. २० बाय २० च्या चौकोनात ४०० पिक्सेल असतात. कोपऱ्यातून भरायला घेतला तर कॉल साठत जातात आणि प्रोग्रॅम झोपतो. म्हणून शहाणे लोक एकेक पिक्सेल न घेता आडव्या पट्ट्या भरत जातात.

फिलपॉलीची गोष्ट वेगळी. त्याला आकाराचे बिंदूच दिलेले असतात, त्यामुळे आत काय नि बाहेर काय हे ते हिशोबाने काढतं. त्याला शेजाऱ्यांना विचारायची गरज नाही.

हल्ली इंटरव्ह्यूमधे शून्य-एकची ग्रिड देऊन "बेटं मोजा" म्हणतात. तेच हे फ्लडफिल. कोड सगळ्यांना पाठ असतो, म्हणून मी विचारतो की कर्णावरचे शेजारी धरायचे का, आणि ग्रिड मोठी असली तर रिकर्शन टिकेल का? ज्यांनी कधीतरी स्क्रीन लाल करून घेतलाय, ते इथे लगेच सावरून बसतात.