पाहुण्यांना जालन्यात काय दाखवणार?

‘तू नेमकी कुठली?’ लीड्सच्या युनिव्हर्सिटीत पहिल्याच आठवड्यात वीसेक जणांनी मला हे विचारलं असेल. माझं उत्तर ठरलेलं होतं, ‘मुंबईजवळची.’ आता जालना ते मुंबई चांगलं चारशे किलोमीटर. पण म्हटलं, कोण बघायला येतंय?

आले ना! गेल्या जानेवारीत दोघं आले.

त्याआधी थोडा फ्लॅशबॅक. मास्टर्सच्या त्या एका वर्षात आमच्या फ्लॅटवर दर महिन्याला कुणी ना कुणी वीकेंडला टपकायचं. हॉटेल परवडत नसल्यामुळे जमिनीवर झोपायचं आणि मी आखलेल्या प्लॅनप्रमाणे फिरायचं, असा फंडा. माझा प्लॅनही झकास असायचा. सकाळी कर्कगेट मार्केट. ‘मार्क्स अँड स्पेन्सर’ या बड्या कंपनीची सुरुवात 1884 मध्ये लीड्सच्या याच बाजारात, पेनीला एक वस्तू विकणाऱ्या ठेल्यावर झाली. मग एअर नदीकाठचा कर्कस्टॉलचा बाराव्या शतकातला पडका मठ. रात्री ट्रेनने शेजारच्या ब्रॅडफर्डला जाऊन करी. दोन महिन्यांत मी परक्या शहराची हौशी गाइड झाले होते.

ग्लासगोला शिकणारी माझी जर्मन मैत्रीण या टूरची कायमची गिऱ्हाईक. तिचा आणि माझ्या इंग्रज फ्लॅटमेटचा मेसेज आला, ‘इंडियाला येतोय. दोन दिवस तुझ्याकडे. प्लॅन कर.’

माझी सॉलिड तंतरली. पहिला प्लॅन पाच मिनिटांत तयार झाला : शनिवारी वेरूळ, रविवारी अजिंठा, जालन्यात फक्त झोपायचं. आईचाही पाठिंबा. ‘इथं काय आहे दाखवण्यासारखं?’ म्हणाली. तिकडून उत्तर आलं, ‘लेणी आम्ही नंतर बघू. तू आम्हाला लीड्सचा बाजार दाखवलास, बस दाखवल्यास. आता तुझं गाव दाखव.’

घ्या! अठरा वर्षं ज्या गावात काढली, तिथला एक वीकेंड मला आखता येईना.

शनिवार : पुतळ्यातला साहेब

सुटका केली ती फ्लॅटमेटनेच. लीड्सला युनिव्हर्सिटीजवळच्या वुडहाउस मूर या मैदानावर ड्यूक ऑफ वेलिंग्टनचा पुतळा आहे. मी रोज त्याच्यासमोरून जायचे. गमबुटांना ज्याचं नाव आहे, तोच हा साहेब. वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा. फ्लॅटमेटने विचारलं, ‘त्याची असईची लढाई तुमच्या बाजूलाच झाली ना?’

तुमच्या बाजूला काय, आमच्याच जिल्ह्यात! भोकरदनच्या पुढे. आणि मी तिथे कधी गेलेच नव्हते.

सकाळी सातला मामाच्या गाडीने निघालो. वाटेत राजूरच्या गणपतीचं दर्शन. अंगारकीला आजूबाजूच्या गावांतून इथे लोक रात्रभर चालत येतात. मग पोहे-चहा, आणि भोकरदन. या गावाचं जुनं नाव भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांच्या कोरीव लेखांत इथल्या लोकांचा उल्लेख आहे. इथल्या उत्खननात हस्तिदंती स्त्री-मूर्ती सापडली आणि तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती थेट इटलीतल्या पाँपेईत मिळाली. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी आमच्या भोकरदनला फॉरेन कनेक्शन होतं. मी मात्र इतकी वर्षं ‘मुंबईजवळची’ म्हणून सांगत होते.

असईला तिकीटखिडकी नाही, गाइड नाही. शेतं, गावं आणि खेळणा नदी. 23 सप्टेंबर 1803 ला एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजा होत्या, दुसऱ्या बाजूला जनरल वेलस्ली, म्हणजेच पुढचा वेलिंग्टन. शिंद्यांच्या कवायती पायदळाचा सेनापती पोलमन हा हॅनोव्हरचा जर्मन. हे ऐकल्यावर आमची मैत्रीण एकदम माझ्या बाजूला येऊन उभी राहिली.

वाटाड्यांनी वेलस्लीला सांगितलं होतं, पुढे नदीला उतार नाही. पण त्याला दोन्ही काठांवर अगदी समोरासमोर दोन गावं दिसली. त्याने ताडलं, इथे उतार असणारच. फ्लॅटमेटने ही गोष्ट रंगवून सांगितली आणि मी ती शेताच्या बांधावर बसलेल्या एका आजोबांना मराठीत ऐकवली. आजोबा हसले. ‘नदीपल्याड लेक दिलेली असती माय, उतार नसून कसं भागंल?’

हे इंग्रजीत सांगितल्यावर तो दोन मिनिटं गप्प होता.

त्या दिवशी इंग्रजांच्या बाजूचेच सोळाशेच्या आसपास जण मेले, जखमी झाले. मराठ्यांचीही मोठी हानी झाली. वॉटर्लू जिंकल्यावरही वेलिंग्टन आपली सर्वांत सरस कामगिरी म्हणून असईचंच नाव घ्यायचा. परतताना गाडीत कुणी फारसं बोललं नाही.

रविवार : नळ आले!

रविवारच्या प्लॅनमध्ये ‘सकाळी आराम’ असं लिहिलं होतं. पहाटे पाचला आई ओरडली, ‘नळ आले!’

आमच्या गल्लीत नळाला रोज पाणी येत नाही. येतं त्या दिवशी ड्रम, टाकी, कळशा, तपेली, जे हाताला लागेल ते भरायचं. हा सीन पाहुण्यांना दिसू नये म्हणून मी नवस बोलायची बाकी होते. बघते तर फ्लॅटमेट हाफ पँटवर बादल्या घेऊन जिन्यात! आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ‘अगं, पाहुण्याला पाणी भरायला लावलंस?’ तिकडे शेजारच्या काकू मैत्रिणीला पाइप कसा धरायचा ते मराठीत शिकवत होत्या, आणि ती शिकतही होती.

चहा घेताना तिने विचारलं, ‘मग हे पाणी येतं कुठून?’ अशी निघाली आमची खरी जालना टूर. आधी घाणेवाडीचा निजामकालीन तलाव. त्यातला गाळ गावकऱ्यांनी लोकसहभागातून काढला. मग बाजूच्या शेतावर हुरडा : गोवऱ्यांच्या आरात भाजलेली कणसं, हातावर चोळून फुंकलेले दाणे, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. जालन्याच्या मोसंबीला जीआय टॅग आहे, हे मी मोसंबी सोलता सोलता ऐटीत सांगितलं.

संध्याकाळी मोती तलावावर बसलो. ‘हे शहर जगतं कशावर?’ त्याने विचारलं. बियाणं आणि लोखंड. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये ‘महिको’ ही बियाण्यांची कंपनी इथेच काढली. 1998 मध्ये त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. आणि एमआयडीसीत रोलिंग मिल. पुण्या-मुंबईकरांनो, तुमच्या फ्लॅटच्या स्लॅबमध्ये जालन्याची सळई असण्याची शक्यता दांडगी आहे! ‘जालना, सोन्याचा पालना’ असं जुने लोक म्हणायचे. ते मी भाषांतर करून सांगितलं. दोघांनी मान डोलावली. त्यात मला कुठे थट्टा दिसली नाही.

सोमवारी सकाळी स्टेशनवर आईने दोघांना दशम्यांचा डबा दिला आणि म्हणाली, ‘पुढच्या वेळी जरा जास्त दिवस या.’ ‘इथं काय आहे’ म्हणणारी हीच ती बाई.

मागच्या आठवड्यात पुण्याच्या एका ऑफिसात नव्या एडिटरने विचारलं, ‘तू कुठली?’ जालन्याची, म्हटलं. तो म्हणाला, ‘तिथे काय आहे?’ मी खुर्ची पुढे ओढली.

तुमच्याकडे पाहुणे येणार असतील तर...

कधी : डिसेंबर ते फेब्रुवारी. हुरडा असतो आणि ऊन सोसतं.

कसं : मुंबईहून वंदे भारत आहे. 2023 च्या अखेरीस ती जालन्यापर्यंत सुरू झाली, 2025 मध्ये नांदेडपर्यंत वाढली. समृद्धी महामार्ग जून 2025 पासून पूर्ण खुला आहे. छत्रपती संभाजीनगरहून साधारण साठ किलोमीटर.

एक दिवस जास्त असेल तर : रामदास स्वामींचं जन्मगाव जांब समर्थ, आणि अंबडच्या टेकडीवरची मत्स्योदरी देवी.

प्लॅन करताना : दिवसाला दोनच ठिकाणं ठेवा, दुपार मोकळी सोडा. आणि नळाचा दिवस आधी बघून ठेवा. दोन हात जास्त मिळतात!