शेतकरी बाप हवा

सिनेमासाठी माणसं हवीत, अशी जाहिरात देऊन आपल्याकडे पहिल्यांदा पस्तावले ते दादासाहेब फाळके. ‘राजा हरिश्चंद्र’ची जुळवाजुळव चालू असताना त्यांनी वर्तमानपत्रात नटांसाठी जाहिरात दिली. आलेली मंडळी पाहून पुढच्या जाहिरातीत कुरूप चेहऱ्यांनी येऊ नये, अशी सूचना घालावी लागली, असं सांगतात. तारामतीसाठी तर बाई मिळेचना. अखेर ग्रँट रोडच्या एका हॉटेलात कामाला असलेले सडपातळ अण्णा साळुंके त्यांच्या नजरेत भरले. तिथं त्यांना दहा रुपये पगार होता, फाळक्यांनी पंधरा देऊ केले. 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लोकांनी पाहिलेली राणी ती हीच. पुढे 1917 च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता, दोघंही साळुंकेच झाले.

ही गोष्ट साळुंक्यांच्या नशिबाची म्हणून सांगितली जाते. मला मात्र अलीकडे जाहिरात वाचून आलेल्या आणि तसंच घरी गेलेल्या लोकांबद्दल आपुलकी वाटू लागली आहे. मी त्यांच्याच जातकुळीचा.

आमचं देवगाव रंगारी कन्नड तालुक्यात. गणपतीत नाटक बसवणारा म्हणून गाव मला ओळखतं, पोट मात्र मका, कापूस आणि आल्यावर चालतं. पुतण्यानं मोबाइलवर जाहिरात दाखवली. मराठी सिनेमासाठी खुली ऑडिशन, संभाजीनगरला. शेतकरी बाप हवा, अनुभवाची अट नाही. “काका, हे त तुमच्यासाठीच लिहेल हाये,” तो म्हणाला. मलाही तसंच वाटलं.

मंगल कार्यालयाच्या पायऱ्यांपर्यंत रांग होती. फॉर्म भरायचा, छातीला नंबर लावायचा आणि थांबायचं. बरेच जण धोतर-फेट्यात आले होते, आणि फेटा सारखा सावरण्यावरून कळत होतं की तो घरातला नव्हे. आमच्याकडे धोतर आता म्हाताऱ्यांच्याच अंगावर दिसतं. मी गावात घालतो तसा शर्ट-पँटवर गेलो होतो. रांगेत ओळखी झाल्या, डबे उघडले गेले, आल्याचा भाव निघाला. शेतकरी बापाचं काम मागायला आलेल्यांत बरेचसे खरोखरचे शेतकरी बाप होते.

माझा नंबर लागला तेव्हा दुपार कलली होती. आत एक कॅमेरा, एक थकलेला तरुण आणि लॅपटॉपवर नावं टिपणारी मुलगी. नाव सांगा, गाव सांगा, उंची सांगा. डावीकडे वळा, उजवीकडे वळा. मग कागदावरचा संवाद. पीक गेलंय, बाप बांधावर उभा राहून देवाला जाब विचारतोय आणि रडतोय. निम्म्यावर आलो तोच तरुण म्हणाला, “काका, जरा गावरान टोनमध्ये करा ना. शेतकऱ्यासारखं.” मी म्हणालो, हा आमच्या गावचाच टोन आहे. तो हसला, वाईट नव्हता बिचारा. “ठीक आहे, कळवू.” पुढचा नंबर पुकारला गेला.

त्याच्या कानात जो ‘गावरान टोन’ होता, त्याचं मूळ मला परतीच्या एसटीत सापडलं. प्रभात फिल्म कंपनी 1929 मध्ये कोल्हापुरात सुरू झाली. ती 1933 मध्ये पुण्याला गेली तरी पुढे भालजी पेंढारकरांनी कोल्हापुरात सिनेमा चालू ठेवला. पुढे तमाशापटांचा काळ आला. पडद्यावरचं खेडं पिढ्यान्‌पिढ्या पश्चिम महाराष्ट्राच्या बोलीत बोलत राहिलं आणि ऐकणाऱ्यांना तीच साऱ्या खेड्यांची बोली वाटू लागली. आमचं ‘करेल हाये’ त्या कानांना खेड्यातलं वाटतच नाही. या बोलीला मोठा मंच मिळवून दिला तो आमच्याच संभाजीनगरच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणाऱ्या लक्ष्मण देशपांड्यांनी. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये बावन्न पात्रं ते एकट्यानं उभी करायचे. त्यातलं एकही पात्र त्यांनी कुणाच्या कानाला हवं म्हणून बदलून बोलवलं नाही, असं मला ऐकताना नेहमी वाटत आलं.

आणि ते रडणं. पीक गेल्यावर आमच्याकडे बाप बांधावर उभा राहून आभाळाशी भांडत नाही. तो म्हशीला पाणी पाजतो, मोटरचा स्टार्टर उगाच उघडून बघतो, बायकोनं काही विचारलं तर भलत्याच विषयावर बोलतो. कुणी विचारलं असतं तर मी हे करून दाखवलं असतं. हळहळ आहे ती याची.

कास्टिंगवाल्यांना दोष देणं सोपं आहे. एका दिवसात एवढी माणसं बघायची तर प्रत्येकाच्या वाट्याला मिनिटभरच येणार. पण ज्या निवडी आपण कौतुकानं सांगतो, त्यांत कुणीतरी वेळ काढून बघितलेलं असतं. नागराज मंजुळ्यांना ‘फँड्री’चा जब्या, म्हणजे सोमनाथ अवघडे, हलगी वाजवताना दिसला आणि त्या पोराला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘सैराट’ची आर्ची अकलूजची शाळकरी मुलगी होती. तिथं माणूस आधी दिसला आणि भूमिका त्याच्याजवळ गेली. रांगेत उलटं होतं. बाप कसा हवा हे आधीच ठरलेलं, आम्ही त्या मापात बसतो का एवढंच तपासायचं. निवडलं नाही म्हणून मला वाईट वाटलं नाही. नाटकात मीही पोरांना नाही म्हणतो, पण पोराचं पूर्ण ऐकून घेतल्यावर, आणि का नाही ते सांगून. नकारसुद्धा कमवावा लागतो, आणि तो कमवायची संधी मला मिळाली नाही.

‘कळवू’ म्हणणाऱ्यांनी अर्थातच काही कळवलं नाही. गावात चार दिवस ‘हिरो’ म्हणून चेष्टा झाली, तीही विरली. पुतण्या आता विचारतो, पुन्हा जाहिरात आली तर जाणार का? जाणार. फेटा न बांधता, याच बोलीत. धोतर नेसून, उसनं बोलून, आभाळाकडं बघून रडणाराच बाप त्यांना रांगेत रोज भेटत राहिला, तर पडद्यावर तोच येणार आणि उद्या आमच्या पोरांनाही तोच खरा वाटणार. निवडायचा अधिकार त्यांचा. पण निवडायला समोर काय ठेवायचं, तेवढं तरी आमच्या हातात आहे.