आधी तेल, मग सेल्फ

बांधून झालेलं इंजिन पहिल्या सेल्फला किती झटकन पेटतं, त्यावरून मिस्त्रीचा हात ओळखावा, असं मी फार वर्षं मानत आलो. टायमिंग जुळलेलं आहे, टॅपेट नीट लावलेत, कार्ब्युरेटर साफ आहे, तर दुसऱ्यांदा चावी फिरवायची वेळ येताच कामा नये. आज माझं मत याच्या अगदी उलट झालं आहे. नव्याने बांधलेलं इंजिन पहिल्या सेल्फला पेटू देऊच नये, असं मी आता म्हणतो. हा बदल कसा झाला ते सविस्तर सांगावंसं वाटतं, कारण माझ्या जुन्या मताची माणसं आमच्या धंद्यात आजही बहुसंख्य आहेत.

माझं गॅरेज ठाकुर्लीत. काम जास्त करून मारुती 800 आणि ओम्नीचं. दोन्हींत इंजिन एकच, 796 सीसीचं, तीन सिलिंडरचं. शाळेची मुलं नेणाऱ्या ओम्नी मे महिन्याच्या सुट्टीत इंजिनकामाला येतात. बोअरिंग आणि क्रँकचं ग्राइंडिंग होऊन येईपर्यंत महिना सरत आलेला असतो. जूनमध्ये शाळा उघडते त्या दिवशी गाडी दारात उभी राहिली नाही तर त्या माणसाची वर्षभराची गिऱ्हाइकं जातात. अशा घाईत चावी फिरवली आणि इंजिन बोललं, की मालक, मिस्त्री, पोऱ्या, सगळ्यांचाच जीव भांड्यात पडतो. त्या क्षणाला ‘थांबा, आधी ऑइल पंप भरून घेऊ’ म्हणणारा माणूस कोणालाच नको असतो. मलाही नको असायचा.

प्रायमिंग, म्हणजे इंजिन पेटवण्याआधी पंपात आणि तेलाच्या वाटांत तेल भरून घेणं, मला पुस्तकी वाटायचं. बेअरिंग बसवताना त्यावर आपण तेल चोळतोच. पंप इंजिनाबरोबरच फिरतो, त्यामुळे काही सेकंदांत तेल वर येतं आणि दिवा विझतो. मग वेगळा खटाटोप कशाला? माझ्याकडे याहून मोठा पुरावा होता. 26 जुलै 2005 च्या पावसात उल्हास नदीकाठच्या पट्ट्यात असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. पुढे कित्येक आठवडे गॅरेजांमधून इंजिनं खोलली जात होती, बांधली जात होती. त्या गर्दीत कोणी पंप भरत बसलेला मी पाहिला नाही, आणि त्यातल्या बऱ्याच गाड्या पुढे वर्षानुवर्षं धावल्या. हा पुरावा खोटा नव्हता, आजही नाही. प्राइम न करता पेटवलेलं इंजिन बहुतेक वेळा चालतं.

माझ्या मताला पहिला धक्का मोटारीतून नाही, पॉवर हाउसमधून बसला. आमचं चोळा पॉवर हाउस बाहेरच्या फार थोड्या लोकांना माहीत आहे. जीआयपी रेल्वेने कल्याणपुढचे दोन्ही घाट विजेवर आणले तेव्हा, 1929 च्या सुमारास, त्या विजेसाठी हे कोळशावरचं केंद्र इथे उभं राहिलं. ते बंद पडून बरीच वर्षं झाली, पण तिथे नोकरी केलेली माणसं ठाकुर्लीत अजून भेटतात. त्यांतले एक काका गाडीच्या निमित्ताने गॅरेजवर यायचे. एकदा मी बांधलेलं इंजिन पेटवायला निघालो, तेव्हा ते म्हणाले, ‘‘तेलाचं प्रेशर दाखव.’’ मी म्हटलं, चालू झाल्यावर येईल. ते म्हणाले, ‘‘आमच्याकडे उलटं होतं. आधी प्रेशर, मग वाफ.’’

मग त्यांनी समजावलं: पॉवर हाउसमधल्या टर्बाइनचा मुख्य तेलपंप टर्बाइनच्याच शाफ्टवर चालतो. शाफ्ट थांबलेला असताना तो काहीच देऊ शकत नाही. म्हणून वेगळ्या ताकदीवर चालणारा सहायक पंप ठेवलेला असतो. आधी तो सुरू करायचा, बेअरिंगला तेल पोचल्याचं गेजवर पाहायचं, आणि मगच रोटर हलवायचा. बंद करतानाही तेल शेवटी थांबवायचं. मी वाद घातला. तुमचा रोटर काही टनांचा, आमचा क्रँक दोन हातांत मावणारा, तुलना कशाला? त्यांनी वजनाचा फरक लगेच मान्य केला आणि एवढंच विचारलं, ‘‘पण तुझा पंपही क्रँकवरच बसलाय ना?’’

ओम्नीचा पंप खरंच क्रँकच्या नाकावर बसतो. आतली चक्री बाहेरच्या चक्रीत फिरते आणि खालच्या तेलाच्या चेंबरमधून, जाळीतून तेल ओढते. पण नव्याने बसवलेला पंप कोरडा असतो, जाळीच्या नळीत हवा असते आणि पंप तेलाच्या पातळीच्या वर असतो. चक्र्या आणि कवच यांच्यातली बारीक फट तेलानेच बंद होते. तेल नसेल तर त्या फटीतून हवा मागे सरकत राहते आणि ओढ तयार होत नाही. विहिरीवरच्या मोटारीत पाणी भरल्याशिवाय ती पाणी उचलत नाही, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. आम्ही मिस्त्री मात्र पंप आपोआप उचलेल असं धरून चालतो. पंपाने उचललं तरी तेलाला आधी रिकामा फिल्टर भरायचा असतो. मग मुख्य वाट, मग मेन बेअरिंग, तिथून क्रँकच्या आतल्या भोकांतून कनेक्टिंग रॉडची बेअरिंग, आणि सर्वांत शेवटी वर रॉकर.

या वेळात बेअरिंगवर काय चाललेलं असतं? क्रँक आणि बेअरिंगमधली फट मिलिमीटरच्या दोन ते पाच शतांशाएवढी. त्या फटीत दाबाने आलेलं तेल क्रँकला उचलून धरतं आणि धातूला धातू लागत नाही. इंजिन पेटलं की पहिल्याच स्फोटापासून पिस्टन शेकडो किलोंच्या जोराने रॉड खाली दाबतो. तिथे हाताने चोळलेल्या तेलाचा नुसता पातळ थर असतो. त्यातून ‘बोलतंय’ या आनंदात कोणी ॲक्सिलरेटर दाबला तर तो जोर आणखी वाढतो.

माझं मत पक्कं बदललं ते दुसऱ्या एका गॅरेजात बांधलेलं इंजिन ऑइल सीलच्या गळतीसाठी माझ्याकडे उतरलं तेव्हा. ते फार चाललेलं नव्हतं. चेंबर काढलाच होता म्हणून बेअरिंगही पाहिली. पंपाजवळचं मेन बेअरिंग स्वच्छ होतं, पण मागच्या बाजूच्या रॉडच्या बेअरिंगवर चकचकीत ओरखडे होते. पहिल्या सेल्फनेच ते पडले असं मी छातीठोक म्हणणार नाही, ग्राइंडिंगचा कचराही असं करू शकतो. पण ते इंजिन उत्तम चालत होतं. आवाज नाही, धूर नाही, मालकाची तक्रार नाही. ‘चालतं’ हा माझा सगळा पुरावा होता, आणि चालणाऱ्या इंजिनाच्या पोटात आयुष्य कमी झालेलं मी डोळ्यांनी पाहत होतो. पावसानंतर धावलेल्या त्या गाड्या न झिजता किती जास्त धावल्या असत्या, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

आता मी पंप जोडतानाच त्याच्या चक्र्यांत साधं व्हॅसलिन भरतो. त्याने फटी बंद होतात, ओढ लगेच लागते, आणि इंजिन तापलं की ते वितळून तेलात मिसळतं. ग्रीस भरू नये. कितीतरी चांगले मिस्त्री ग्रीस भरतात, पण ते तेलात सहज विरघळत नाही; त्याचा गोळा फिल्टरमध्ये किंवा प्रेशर व्हॉल्व्हमध्ये अडकू शकतो. फिल्टर भरताना तेल कडेच्या बारीक भोकांतून ओततो. मधल्या भोकातलं तेल न गाळताच बेअरिंगवर जातं.

मग तिन्ही प्लग काढायचे, कॉइलची वायर सोडायची, पेट्रोलचा पाइप बंद करायचा, आणि मगच सेल्फ. प्लग काढण्यातच सगळं मर्म आहे. कॉम्प्रेशन नाही, स्फोट नाही, म्हणून बेअरिंगवर जवळपास फिरत्या भागांचंच वजन येतं. तेल यायला तेवढेच सेकंद लागले तरी ते बिनओझ्याचे असतात. सेल्फ थोडा थोडा मारायचा आणि मध्ये थंड होऊ द्यायचा. तेलाच्या दिव्यावरही मी आता विसंबत नाही. तो अगदी थोड्या दाबाला विझतो, तोवर रॉकर कोरडे असू शकतात. दिव्याचा स्विच काढून त्या जागी गेज लावतो, आणि वरचं कव्हर उघडून रॉकरपर्यंत तेल आलेलं पाहतो.

महाग क्रँक बसवलेलं किंवा बरेच दिवस बांधून पडलेलं इंजिन असेल तर मी सेल्फही नंतर मारतो. शेतातल्या औषध फवारणीचा हातपंप, नवा आणि धुऊन कोरडा केलेला, त्यात इंजिन ऑइल भरतो. त्याची नळी स्विचच्या भोकात बसवायला एक अष्टमांश इंची आट्यांचा जोड लेथवर करून घेतला आहे. एकाने पंप मारायचा, दुसऱ्याने पुलीच्या बोल्टला पाना लावून क्रँक सावकाश फिरवायचा, म्हणजे आतली भोकं एकेक करून समोर येतात. क्रँक हळूहळू जड तेलात फिरल्यासारखा मऊ होतो, ते हाताला कळतं. फक्त आत गेलेलं हे तेल चेंबरमध्येच उतरतं, म्हणून शेवटी पट्टी बघून पातळी बेताची ठेवायची. पॉवर हाउसच्या सहायक पंपाचं काम इथे हा फवारणीचा पंप करतो.

या सगळ्याला अर्धा-पाऊण तास लागतो. मेच्या शेवटच्या आठवड्यात तेवढाही वेळ भारी वाटतो, हे मला माहीत आहे. पण बोअरिंग, क्रँक, पिस्टन, बेअरिंग यांवर व्हॅनवाल्याने दोन-तीन महिन्यांची कमाई घातलेली असते, आणि ती सगळी त्या पहिल्या काही सेकंदांच्या हवाली करायची माझी आता तयारी नाही.

तुमच्या गाडीचं इंजिन उतरलेलं असेल, तर ते पेटवायच्या दिवशी गॅरेजवर जाऊन उभे राहा. प्लग काढून फिरवलं का आणि गेजवर प्रेशर आलं का, एवढं विचारा. मिस्त्रीने त्या वेळेचे पैसे वेगळे मागितले तर घासाघीस न करता द्या.