सुई पाठीत नेमकी कुठे जाते?

परवा कँटीनमध्ये आमच्या टीममधला एक मुलगा जेवताना अगदी गप्प होता. एरवी हा प्राणी बिल्ड तुटलं तरी गप्प बसत नाही! दोनदा विचारल्यावर बोलला. बायकोला आठवा लागलाय. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईलवर बाळंतपणाच्या गोष्टी वाचते आणि मग रडत बसते. "बाळाचं टेन्शन नाही रे तिला. ते पाठीत सुई घालतात, कापतात, त्याची धास्ती घेतलीये. तुम्ही दोघांनी काय केलं होतं?"

लंच ब्रेकमध्ये जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं, उरलेलं इथे लिहितोय. आधीच सांगून टाकतो, मी डॉक्टर नाही. कोड लिहून पोट भरतो. तुमची केस तुमच्या डॉक्टरांना माहीत असते, मला नाही.

तर आमच्याकडेही सातव्या महिन्यात हाच प्रकार झाला होता. बायको तशी धीट आहे, रक्त काढताना मान वळवत नाही (मी वळवतो, तिचं रक्त असलं तरी). पण डोहाळजेवणाला जमलेल्या प्रत्येक बाईकडे एक गोष्ट होती. एक काकू म्हणाल्या, "पाठीत इंजेक्शन घेऊ नकोस हो, माझी कंबर गेली ती गेलीच." दुसऱ्या म्हणाल्या, "कळांचं सलाईन लावलं की सिझर ठरलेलं." तिसऱ्यांनी बर्फीचा तुकडा मोडत निर्वाळा दिला, "टाके काय, सगळ्यांनाच पडतात."

रात्री बायको म्हणाली, "अरे, दुखेल हे मला माहितीये. पण मी तिथे आडवी पडलेली असणार आणि कोणीतरी येऊन न सांगता काहीतरी करून जाणार, त्याची मला भीती वाटते."

हे ऐकून मला आई आठवली. माझ्या वेळची गोष्ट ती अजून सांगते. लेबर रूममध्ये चार बायका, कोणाशी कोणी बोलत नाही. मी बाहेर आल्याबरोबर एका सिस्टरने तिच्या मांडीत इंजेक्शन टोचलं. आईने विचारलं, "कसलं हो?" उत्तर मिळालं, "गप्प पडून राहा." ते कसलं होतं हे तिला कधीच कळलं नाही.

मग आम्ही एक कागद घेतला. ज्याची ज्याची भीती वाटते ते डावीकडे लिहिलं आणि उजवीकडे प्रत्येकासमोर तीनच प्रश्न. हे कशासाठी करतात? आत्ताच का? थांबलो तर काय होईल? पुढच्या तपासणीला कागद डॉक्टरबाईंसमोर ठेवला. बाहेर ही गर्दी! त्यांनी आधी घड्याळाकडे बघितलं, मग कागदाकडे. म्हणाल्या, "शनिवारी ओपीडी संपल्यावर या."

शनिवारचा निम्मा वेळ एपिड्यूरलमध्ये गेला. डॉक्टरबाईंनी प्रिस्क्रिप्शनच्या पाठीमागे मणक्यांची रांग काढून दाखवली. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई जाते त्याच्याही खाली, साधारण तिसऱ्या-चौथ्या मणक्याच्या मध्ये. तिथेसुद्धा ती आतल्या आवरणाच्या बाहेरच थांबते. आधी कातडी बधिर करतात. सुईतून एक बारीक प्लॅस्टिकची नळी आत सरकवतात आणि सुई काढून घेतात. पुढचं औषध त्या नळीतून जातं.

"म्हणजे सुई आत राहत नाही?" बायकोने विचारलं.

"छे. सुई ठेवून झोपवलं तर कसं चालेल?"

महिनाभर ती पाठीत सुई असलेल्या अवस्थेत कूस कशी बदलायची या विचाराने झोपली नव्हती, हे मला तेव्हा कळलं. पुढे सिझर करायची वेळ आली तर बहुतेक वेळा त्याच नळीतून जास्त औषध देता येतं, हेही तेव्हाच समजलं.

आता काकूंची कंबर. काकू खोटं बोलत नाहीत, कंबर दुखतेच त्यांची. पण एपिड्यूरल घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांची तुलना केली गेली आहे, आणि दीर्घकाळच्या कंबरदुखीत फरक सापडलेला नाही. बाळंतपणानंतर कंबर पुष्कळजणींची दुखते. नऊ महिन्यांचं वजन, सैल झालेले सांधे, वाकून पाजणं... कारणं भरपूर. लॉगमध्ये दोन ओळी एकाखाली एक दिसल्या म्हणून पहिलीमुळे दुसरी आली असं आपण ऑफिसात मानत नाही, इथे मात्र लगेच मानतो. एपिड्यूरलमुळे सिझर वाढतात ही भीतीसुद्धा २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात टिकली नाही.

खरे तोटे वेगळेच आहेत, आणि ते कोणी काकू सांगत नाहीत. ब्लडप्रेशर उतरू शकतं, म्हणून ते सारखं मोजतात. अंगाला खाज येते, कधी ताप येतो. पाय जड होतात, लघवीसाठी नळी लागू शकते, शेवटचा जोर लावायचा टप्पा थोडा लांबू शकतो. साधारण शंभरात एखादीला आतल्या आवरणाला भोक पडून जबरदस्त डोकेदुखी होते. तिच्यावर उपचार आहेत, पण ते दोन-चार दिवस वाईट जातात. आणि हो, एपिड्यूरल ऐच्छिक आहे. न घेणारी शूर आणि घेणारी भित्री असं काही नाही. १८५३ साली व्हिक्टोरिया राणीने आठव्या बाळंतपणात जॉन स्नोकडून क्लोरोफॉर्म घेतला, त्यावरसुद्धा नाकं मुरडणारे होतेच. एक गोष्ट मात्र नक्की विचारून ठेवा: तुमच्या हॉस्पिटलात रात्री तीन वाजता भूलतज्ज्ञ येतात का? नसतील येत, तर बाकीची सगळी चर्चा फुकट.

सलाईनचं थोडक्यात. त्यातलं ऑक्सिटोसिन म्हणजे आपल्याच शरीरात तयार होणाऱ्या हार्मोनची कारखान्यात केलेली प्रत. थेंबाथेंबाने वाढवतात, आणि बंद केलं की असर लवकर उतरतो. जास्त झालं तर कळा फार जवळजवळ येतात आणि बाळाला दम खायला वेळ मिळत नाही, म्हणून ठोक्यांवर लक्ष ठेवावं लागतं. 'सलाईन म्हणजे सिझर' हे समीकरण मात्र खरं नाही. अमेरिकेत पहिलटकरणींवर झालेल्या ॲराइव्ह नावाच्या चाचणीत (२०१८) ३९ व्या आठवड्यात कळा सुरू करून दिलेल्यांत सिझरचं प्रमाण १८.६ टक्के होतं आणि वाट बघणाऱ्यांत २२.२. म्हणून सगळ्यांनी ३९ व्या आठवड्यात ॲडमिट व्हावं असं मी म्हणत नाहीये! आणि 'तासाला एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे' या जुन्या नियमावर जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्येच सांगून टाकलंय की पाच सेंटिमीटरपर्यंत कितीही वेळ लागू शकतो, आणि आई-बाळ ठीक असतील तर निव्वळ हळू चाललंय म्हणून घाई करायची गरज नाही.

टाक्यांबद्दलही तेच. प्रत्येकीला सरसकट कट देऊ नये, दाढी आणि एनीमाही सरसकट नको, असं त्याच शिफारशींमध्ये आहे. डॉक्टरबाई म्हणाल्या, "ठोके पडले किंवा चिमटा लावावा लागला तर देते. देताना सांगते." बायकोने कागदावर त्यापुढे लिहिलं: 'सांगून'.

सिझरबद्दल मात्र 'काळजी करू नकोस' म्हणायला माझी जीभ रेटत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातलं सिझरचं प्रमाण २१.५ टक्के आहे. सरकारी दवाखान्यांत १४.३, खाजगी ठिकाणी ४७.४. अवघड केसेस खाजगीत जास्त जातात असं धरलं तरी एवढा फरक पोटातून येत नाही. तेव्हा डॉक्टरांना त्यांचा आकडा सरळ विचारावा. आम्ही विचारला, त्यांनी न चिडता सांगितला. (चिडल्या असत्या तर तीसुद्धा माहितीच.) शस्त्रक्रिया म्हणून मात्र ती समजून घेतली की बरीचशी भीती जाते. बहुतेकदा आई पूर्ण जागी असते. दुखत नाही, पण पोटात कोणीतरी सामान शोधतंय असं ओढल्यासारखं जाणवतं. हे आधी माहीत नसलं की बाई तिथे घाबरते, भूल उतरली असं तिला वाटतं. बाळ सुरुवातीच्या काही मिनिटांतच बाहेर येतं, जास्त वेळ शिवण्यात जातो.

प्रत्यक्षात आमचं काय झालं? मध्यरात्री पिशवी फुटली, कळा मात्र धड येईनात. दुपारी सिस्टर सलाईनची बाटली घेऊन आल्या. बायकोने विचारलं, "हे आत्ताच का?" सिस्टर क्षणभर थबकल्या आणि डॉक्टरबाईंना बोलावून आणलं. त्या म्हणाल्या, "पाणी जाऊन चौदा तास झालेत. जितका वेळ जाईल तितका इन्फेक्शनचा धोका वाढतो. अँटिबायोटिक चालू आहे, अजून दोन तास थांबायचं असेल तर थांबू." बायकोने माझ्याकडे बघितलं, मग म्हणाली, "लावा."

संध्याकाळी एपिड्यूरल. कळ येत असताना पाठ मांजरासारखी गोल करून हलायचं नाही, हे बोलायला सोपं! भूलतज्ज्ञ म्हणाले, "कळ आली की सांगा, मी थांबतो." दोनदा थांबले. अर्ध्या तासाने बायकोने मला चक्क जेवून यायला सांितलं.

रात्री साडेदहाला ठोके खाली जायला लागले. खोलीतले सगळे एकदम कमी बोलायला लागले, ते मला अजून आठवतं. डॉक्टरबाई बायकोच्या चेहऱ्याजवळ येऊन म्हणाल्या, "बाळ दमतंय. छोटा कट देऊन लवकर बाहेर काढते. देऊ?" बायकोने मान हलवली. म्हणजे कागदावरच्या चारपैकी तीन गोष्टी झाल्याच. टाके पंधरा दिवस दुखले, उशीवर तिरकं बसावं लागलं. मुलगी बाहेर येऊन दोन सेकंद गप्प, मग जी सुरू झाली...

त्या गडबडीत एक सिस्टर इंजेक्शन घेऊन आल्या आणि टोचायच्या आधी मोठ्याने म्हणाल्या, "हे मांडीत देतेय हं. ऑक्सिटोसिन आहे, वार पडताना रक्त जास्त जाऊ नये म्हणून."

बाराव्या दिवशी, पाळणा झाल्यावर, बायको हे सगळं आईला सांगत होती. कट, टाके, सलाईन, सगळं. आई मुलीचे पाय चोळत ऐकत होती. मांडीतल्या इंजेक्शनपाशी आल्यावर तिचा हात थांबला.

"अगं, मला दिलेलं तेच असेल का?"

"तेच, नाहीतर त्याच कामाचं दुसरं असेल आई. रक्त थांबायला देतात."

"अच्छा," आई म्हणाली. "एवढंच होतं होय. सांगायचं ना मग."